अर्थसीच्या बेटांकडे दुसऱ्यांदा

ग्रंथ पुन्हा वाचण्याला आपल्याकडे फार जुनी प्रतिष्ठा आहे. चातुर्मासात पोथी लावणारा, सप्ताहात गुरुचरित्राचे पारायण करणारा, किंवा दररोज ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचल्यावाचून अन्नास न शिवणारा मनुष्य पुढे काय घडते हे कळावे म्हणून वाचीत नसतो. कथा त्यास मुखोद्गत असते, आणि तरीही प्रत्येक आवृत्तीस एखादी ओवी अशी निघते की जी त्याने शेकडो वेळा उच्चारलेली असते, पण ऐकलेली मात्र त्या दिवशीच असते. ही रीत आपण कादंबरीस क्वचितच लावतो आणि अद्भुतकथेस तर मुळीच लावीत नाही. एकदा शाप उतरला आणि राज्य परत मिळाले की त्या पुस्तकाशी आपला हिशेब चुकता झाला, अशी आपली समजूत असते. ज्यांनी तारुण्यात एखाद्या अद्भुतकथाकारावर जीव जडविला आणि पुढे संसाराच्या व नोकरीच्या रगाड्यात त्याची पुस्तके फडताळात तशीच राहू दिली, अशा वाचकांस त्याच पुस्तकांकडे पुन्हा कसे वळावे, त्यांच्या शेजारची अल्पपरिचित पुस्तके कोणत्या क्रमाने घ्यावीत आणि त्यातून काय हाती लागते, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे. उदाहरणादाखल मी एकच लेखिका निवडली आहे, ती म्हणजे अर्सुला ल ग्विन.

ही निवड केवळ आवडीपोटी झालेली नाही. ल ग्विन यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे झाला; वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित अभ्यासक, तर आई थिओडोरा क्रोबर यांनी ‘याही’ नावाच्या जमातीतील अखेरच्या पुरुषाचे, ईशीचे, चरित्र लिहिले. ज्या घरात परक्या लोकांच्या कथा, चालीरीती आणि भाषा हा जेवणाच्या वेळचा विषय होता, त्या घरात ही मुलगी वाढली, आणि कल्पित देशांचीही दप्तरे ठेवावी लागतात हे तिला बहुधा तेथेच उमगले असावे. १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९७१ साली ‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’ आणि १९७२ साली ‘द फार्देस्ट शोअर’ अशा तीन कादंबऱ्यांत त्यांनी अर्थसी नावाचा द्वीपसमूह उभा केला आणि जगभरच्या वाचकांनी तो आपलासा केला. त्यानंतर अठरा वर्षे त्या बेटांविषयी त्यांनी एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. १९९० साली ‘तेहानू’ आली, तिच्यावर ‘अर्थसीचे अखेरचे पुस्तक’ असे उपशीर्षकही छापले गेले, आणि तरीही २००१ साली आणखी दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. या परतण्यातच त्यांच्या लेखनाचे मर्म आहे. साठीला आलेली लेखिका चाळिशीच्या आत-बाहेर असताना रचलेल्या आपल्याच बेटांवर परत जाते, तेथे आपण काय पाहिले नव्हते ते पाहते आणि जुने एक अक्षरही न पुसता नवे लिहिते. ज्या लेखिकेने स्वतःच स्वतःचे इतके प्रामाणिक पुनर्वाचन केले, तिचे पुनर्वाचन करताना आपल्यास वाटाड्या शोधावा लागत नाही.

प्रथम साधनांविषयी. एक जाडशी वही घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर पुस्तकातील द्वीपसमूहाचा नकाशा स्वहस्ते उतरवून काढावा. ल ग्विन यांनी कथा लिहिण्यापूर्वी नकाशा काढला होता. आपणही तो हाताने काढला म्हणजे गॉन्ट, रोक, इफिश, अतुआन ही केवळ नावे न राहता एकमेकांपासून अमुक दिवसांच्या अंतरावरचे मुक्काम होतात. वहीत डावीकडच्या पानावर, पुस्तक उघडण्यापूर्वी, पहिल्या वाचनातले आपल्याला जे आठवते ते लिहून ठेवावे. चुकीचे आठवत असले तरी तेच लिहावे. उजवीकडचे पान दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवावे, आणि वाचताना डावीकडचा मजकूर खोडू नये. या रीतीस खुद्द लेखिकेचा दाखला आहे. ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या १९६९च्या कादंबरीत, ज्यांना स्थिर असे स्त्रीत्व वा पुरुषत्व नाही अशा लोकांसाठी त्यांनी पुल्लिंगी सर्वनाम वापरले होते आणि १९७६च्या एका निबंधात त्या निवडीचे समर्थनही केले होते. पुढे त्यांचे मत बदलले. १९८९ साली ‘डान्सिंग अॅट द एज ऑफ द वर्ल्ड’ या संग्रहात तो निबंध पुन्हा छापताना जुना मजकूर त्यांनी जशाचा तसा ठेवला आणि आपले नवे आक्षेप त्याच्या बरोबरीने नोंदविले. आपल्या कालच्या मतास साक्षीदार म्हणून उभे करण्याचे हे धैर्य वाचकानेही अंगी बाणविण्यासारखे आहे.

काळाविषयी म्हणाल तर चार महिन्यांची मुदत पुरेशी होते, आणि आपल्या हवामानात पावसाळ्याचे चार महिने त्यास सर्वांत सोयीचे. पहिल्या महिन्यात आरंभीच्या तीन कादंबऱ्या घ्याव्यात, दुसऱ्यात त्या अठरा वर्षांच्या अंतरातील अल्पपरिचित पुस्तके, तिसऱ्यात ‘तेहानू’ व तिच्या पुढची दोन पुस्तके, आणि चौथ्यात उत्तरायुष्यातील लेखन. अर्थसीची सहाही पुस्तके सलग वाचून काढण्याचा मोह अनेकांना होईल, तो आवरावा. ‘द फार्देस्ट शोअर’ मिटून लगेच ‘तेहानू’ उघडणाऱ्या वाचकास, मधल्या काळात लेखिका कोठे गेली होती हे न कळल्यामुळे, ती आपले जुने वचन मोडीत आहे असा भास होतो. माझ्या पहिल्या वाचनात नेमके हेच घडले. विशीत ते पुस्तक मी अर्ध्यावर टाकले, कारण मला मांत्रिकांच्या पराक्रमाची अपेक्षा होती आणि तेथे एक प्रौढ विधवा भांडी घाशीत होती. पुढे पुष्कळ वर्षांनी, मधली पुस्तके वाचून झाल्यावर, तीच कादंबरी मी एका बैठकीत संपविली.

आरंभ मात्र १९६८च्या कादंबरीने न करता १९६४ साली एका नियतकालिकात आलेल्या दोन लघुकथांनी करावा: ‘द वर्ड ऑफ अनबाइंडिंग’ आणि ‘द रूल ऑफ नेम्स’. १९७५च्या ‘द विंड्स ट्वेल्व्ह क्वार्टर्स’ या संग्रहात त्या दोन्ही मिळतात. तेथे अर्थसी अजून बाल्यावस्थेत आहे. पहिल्या कथेत पुढे कधीही न दिसणारे राक्षस वावरतात, पण मृतांचा प्रदेश तेथेच प्रथम दिसतो आणि खरे नाव ठाऊक असणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते हा नियम दुसऱ्या कथेचा कणाच आहे. मराठी वाचकास हा नियम परका वाटण्याचे कारण नाही. मुलाचे एक नाव उपनयनापर्यंत केवळ मातापित्यांस ठाऊक असावे, असे आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितले आहे, आणि व्यवहारातले नाव निराळे व पत्रिकेतले नावरस नाव निराळे ही गोष्ट आपल्या आजीच्या पिढीस नित्याची होती. म्हणूनच अर्थसीतील एखादा मनुष्य आपले खरे नाव दुसऱ्याच्या स्वाधीन करतो तेव्हा त्या क्षणाचे गांभीर्य आपल्याला टिपेवाचून कळते.

आता मुख्य तीन कादंबऱ्यांकडे वळू. दोनशे पानांच्या आसपासची ही पुस्तके दुसऱ्या खेपेस एकेक प्रकरण करून, शक्य तर मोठ्याने वाचावीत. ल ग्विन गद्य कानाने लिहीत. ‘स्टिअरिंग द क्राफ्ट’ या लेखनकलेवरच्या त्यांच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण गद्याच्या नादाविषयी आहे. कथानक ठाऊक असल्यामुळे या खेपेस तीन धागे हाती धरता येतात आणि त्यांच्यासाठी वहीत तीन स्वतंत्र सदरे करावीत.

पहिला धागा भिंतीचा. पहिल्या कादंबरीचा नायक तरुण गेड होड्या बांधणाऱ्या एका कारागिराच्या मरणोन्मुख मुलास वाचविण्यासाठी त्याच्या मागोमाग मृतांच्या प्रदेशात उतरतो, तेव्हा सीमेवर दगडांची एक ठेंगणी भिंत लागते. पहिल्या वाचनात हा प्रसंग नायकाच्या संकटांपैकी एक म्हणून आपण ओलांडून जातो. तीच भिंत ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये कथेच्या केंद्रस्थानी येते आणि २००१च्या ‘द अदर विंड’मध्ये ती कोणी बांधली व का बांधली याचाच जाब विचारला जातो. दुसरा धागा स्त्रियांचा. गेडला मंत्राचे पहिले शब्द त्याच्या गावातली चेटकीण, त्याची सख्खी मावशी, हिच्या तोंडून मिळतात. तरी स्त्रियांची विद्या हिणकस, अशा आशयाची म्हण त्याच्या गॉन्ट बेटावर रूढ आहे आणि रोक बेटावरच्या मांत्रिकांच्या विद्यापीठात मुलींस प्रवेश नाही. पहिल्या खेपेस ही माहिती आपण जगाची रीत म्हणून मान्य करतो. दुसऱ्या खेपेस ती प्रत्येक ठिकाणी अधोरेखित करावी. तिसरा धागा वर्णाचा. गेड तांबूस-सावळा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे, आणि गोरे लोक आहेत ते चाल करून येणारे कार्ग. लेखिकेने ही गोष्ट इतक्या सहजपणे, गाजावाजा न करता सांगितली की कित्येक वाचकांच्या ती लक्षातही आली नाही आणि कित्येक मुखपृष्ठांवर गेड गोरा रंगविला गेला. २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेतही गेडच्या भूमिकेत गोरा नट योजला गेला, तेव्हा त्यांनी जाहीर लेख लिहून निषेध नोंदविला. आपण पहिल्या वाचनात गेडला कोणत्या रंगाचा कल्पिला होता, हे डावीकडच्या पानावर प्रामाणिकपणे लिहिलेले असेल तर त्या एका नोंदीपासून पुष्कळ शिकता येईल.

दुसऱ्या महिन्यात अर्थसी बाजूला ठेवावी. १९७२ ते १९९० या काळातील अनेक पुस्तकांपैकी चार मी सुचवितो. ‘ऑर्सिनियन टेल्स’ या १९७६च्या संग्रहात मध्य युरोपातील ऑर्सिनिया या कल्पित देशाच्या अकरा कथा आहेत. तेथे मंत्र नाहीत, ड्रॅगन नाहीत, प्रत्येक कथेच्या अखेरीस केवळ एक सन दिलेला आहे आणि हे सन ११५० पासून १९६५ पर्यंत मागेपुढे उड्या घेतात. हा संग्रह प्रथम छापील क्रमाने आणि मग सनांच्या क्रमाने वाचावा. दुसऱ्या खेपेस एका देशाची आठशे वर्षांची बखर वाचल्याचा अनुभव येतो. त्याच देशात घडणारी १९७९ची ‘मालाफ्रेना’ ही कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका जमीनदारपुत्राची आहे. तो स्वातंत्र्याच्या ध्यासाने सरोवराकाठचे घर सोडतो आणि पराभूत होऊन तेथेच परततो. ज्यांना या लेखिकेची केवळ अद्भुत बाजू ठाऊक आहे त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. १९८०ची ‘द बिगिनिंग प्लेस’ ही छोटी कादंबरी, एका किराणा भांडारातील गल्लेवाला तरुण आणि एक मुलगी यांना सापडलेल्या सदैव संधिप्रकाशात असलेल्या प्रदेशाची आहे. तिची मांडणी मला काही ठिकाणी विसविशीत वाटते, तरी अद्भुतात कायमचे राहता येत नाही, तेथून बाहेरच यावे लागते, हा तिचा निर्णय पुढच्या लेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

चौथे पुस्तक ‘ऑलवेज कमिंग होम’ हे १९८५ साली निघाले आणि या सर्वांत ते अधिक विस्तीर्ण आहे. कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात सुदूर भविष्यकाळी राहणाऱ्या केश नावाच्या लोकांची कथा, गाणी, नकाशे, नाटके, पाककृती, शब्दकोश असा हा संभार आहे; प्रथमावृत्तीबरोबर त्या लोकांच्या संगीताची ध्वनिफीतही निघाली होती. पाचशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचण्याचा आग्रह धरू नये. स्टोन टेलिंग या स्त्रीचे आत्मकथन त्यात तीन भागांत विभागलेले आहे; ते तीन भाग आधी सलग वाचावेत, मग दररोज रात्री मधली दोनचार पाने, जशी एखाद्या जुन्या गॅझेटियरची वाचावीत तशी, चाळावीत. मानववंशशास्त्रज्ञाच्या मुलीने येथे वडिलांचे शास्त्र आणि आपली कला एकत्र केली आहे. पराक्रम, युद्ध आणि विजय हीच कथेची सामग्री असते हा समज येथे मोडून पडतो. पेरणी, स्वयंपाक, मृत्यू, नृत्य यांच्याही कथा होतात आणि त्यांत पुरेशी उत्कटता असते, हे लेखिकेने येथे सिद्ध केले. इतके वाचून झाल्यावर वाचक ‘तेहानू’च्या उंबरठ्यावर योग्य मनःस्थितीत येऊन पोहोचतो.

‘तेहानू’ वाचताना ‘द फार्देस्ट शोअर’चे अखेरचे प्रकरण जवळ ठेवावे. तेथे आपली सारी शक्ती वेचून बसलेल्या गेडला ड्रॅगन पाठीवर घेऊन जातो आणि कथा आख्यायिकेत विलीन होते. येथे तोच ड्रॅगन त्याला गॉन्टच्या कड्यावर उतरवितो आणि त्याच्या शुश्रूषेचे काम टेनारकडे येते. टेनार म्हणजे अतुआनच्या थडग्यांतून सुटलेली ती पुजारीण, आता शेतकऱ्याची विधवा आणि आगीत होरपळलेल्या एका लहान मुलीची सांभाळकर्ती. पहिल्या वाचनात हे सर्व उतरणीचे वाटते. परंतु आपल्या वहीतील स्त्रियांचे सदर उघडून पाहावे: ज्या म्हणीकडे आपण दुर्लक्ष केले होते तिचीच ही उलटतपासणी आहे. आणखी एक खूण सांगतो. १९६८च्या पुस्तकात आपल्याला प्रथम भेटतो तो शेळ्या राखणारा पोर, आणि त्याचा पहिला मंत्रही शेळ्यांना बोलावण्याचा असतो; ‘तेहानू’मध्ये सर्व विद्या गमावलेला तोच पुरुष पुन्हा डोंगरात शेळ्या राखू लागतो. हे वर्तुळ लेखिकेने बावीस वर्षांनी पुरे केले, आणि ज्याने दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली त्यालाच ते पूर्णपणे दिसते. या कादंबरीस नेब्युला पुरस्कार मिळाला.

त्यानंतर ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ या संग्रहातील पाच कथा घ्याव्यात, आणि त्यातली ‘द फाइंडर’ ही दीर्घकथा सावकाश वाचावी. रोकच्या विद्यापीठाच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता आणि पुढे त्यांना तेथून वगळण्यात आले, हे तिच्यातून कळल्यावर पहिल्या कादंबरीतील ते विद्यापीठ पुन्हा पूर्वीसारखे दिसत नाही. ‘ड्रॅगनफ्लाय’ ही कथा ‘तेहानू’ आणि ‘द अदर विंड’ यांमधला पूल असल्याने ती वगळून पुढे जाऊ नये. ‘द अदर विंड’चा प्रमुख पुरुष ऑल्डर हा फुटकी भांडी सांधणारा साधा मांत्रिक आहे, आणि भिंतीच्या प्रश्नाचे उत्तर अशा सांधणाऱ्याच्या निमित्ताने यावे यात मला लेखिकेचे सर्वांत परिपक्व शहाणपण दिसते. येथे पोहोचल्यावर भिंतीचे सदर आरंभापासून वाचून काढावे: १९६४ ते २००१, सदतीस वर्षे एक लेखिका मृतांच्या प्रदेशाच्या एकाच प्रतिमेचा पाठपुरावा करते आणि आपणच उभारलेल्या व्यवस्थेत आपल्याच हातून अन्याय राहून गेला होता असे आढळताच ती व्यवस्था उलगडून टाकते.

चौथ्या महिन्यासाठी उत्तरायुष्यातील चार पुस्तके राखावीत. ‘गिफ्ट्स’ (२००४), ‘व्हॉइसेस’ (२००६) आणि ‘पॉवर्स’ (२००७) ही पश्चिम किनाऱ्याची त्रयी मुख्यतः किशोरांसाठी म्हणून प्रसिद्ध झाल्यामुळे प्रौढ वाचकांकडून उपेक्षित राहिली. पहिल्या पुस्तकात आपल्या नजरेत संहाराची शक्ती आहे या भीतीने डोळ्यांवर पट्टी बांधून जगणारा मुलगा आहे. दुसऱ्यात ग्रंथ जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरलेल्या जिंकलेल्या नगरात गुप्त ग्रंथालय सांभाळणारी मुलगी आहे. तिसऱ्यात स्मरणशक्तीचे देणे लाभलेला एक गुलाम आहे. ज्या कुटुंबात वाचनाची आवड लावावयाची आहे तेथे ‘व्हॉइसेस’ मुलांबरोबर बसून वाचावे. अखेरीस २००८ची ‘लाविनिया’. व्हर्जिलच्या महाकाव्यात जिच्यासाठी युद्ध होते त्या राजकन्येच्या तोंडी एकही शब्द नाही. ल ग्विन यांनी उतारवयात ते काव्य मूळ लॅटिनमधून संथपणे वाचले आणि त्या मौनास वाणी दिली. ही कादंबरी म्हणजे पुनर्वाचनाचेच अपत्य होय, म्हणून आपल्या पुनर्वाचनाचा समारोप तिनेच करणे उचित ठरते.

पुस्तके मिळविण्याविषयी दोन शब्द. अर्थसीचे सर्व साहित्य, त्या दोन आरंभीच्या कथा, गेडच्या अंतकाळाची ‘फायरलाइट’ ही कथा आणि लेखिकेने आपल्या या बेटांचा फेरविचार ज्यात मांडला ते ऑक्सफर्डचे १९९२चे व्याख्यान यांसह, २०१८च्या एका सचित्र खंडात एकत्र मिळते. चित्रे चार्ल्स व्हेस यांची आहेत. ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ने ऑर्सिनियाचे समग्र लेखन, ‘ऑलवेज कमिंग होम’ आणि पश्चिम किनाऱ्याची त्रयी स्वतंत्र खंडांत काढली आहे. हे खंड महाग असल्याने दोनतीन स्नेह्यांनी मिळून घ्यावेत आणि आळीपाळीने वाचावेत; परंतु पहिल्या तीन कादंबऱ्यांची आपली जुनी प्रत फडताळात असेल तर तीच काढावी, कारण तिच्या समासात विशीतल्या आपल्या हाताने ओढलेली रेघ सापडण्याचा संभव असतो, आणि ती रेघ चुकीच्या वाक्याखाली असली तरी खोडू नये.

आपल्या अन्य आवडत्या अद्भुतकथाकारांसही हीच पद्धत लावता येईल: प्रसिद्ध पुस्तकांच्या मधली वर्षे शोधावीत, त्या वर्षांत तो काय लिहीत होता ते पाहावे, आणि मगच मुख्य कृतीकडे परतावे. एवढे सगळे एकदम साधणार नसेल तर निदान ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चे पहिले प्रकरण या आठवड्यात पुन्हा वाचा, आणि त्या शेळ्या राखणाऱ्या मुलाला पहिला मंत्र कोणाकडून मिळाला ते वहीत लिहून ठेवा.